नाव नसलेले नऊ कागद

ग्रोहोल्म, १८ जानेवारी

प्रिय तोरहिल्ड,

तुझं ऑक्टोबरातलं पत्र स्वयंपाकघराच्या खिडकीत अजून तसंच उभं आहे. उत्तर दिलं नाही, माफ कर. ‘कामात होते’ असं लिहिणार होते, पण काम तर तुझ्याही मागे एकतीस वर्षं होतंच आणि तरी तू पत्रं लिहायचीस. खरं एवढंच की संध्याकाळी पेन हातात घेतलं की आत लिहिण्यासारखं काही शिल्लक नसायचं. फोन करावा तर तुला ऐकू येत नाही, मी ओरडते, आणि तू विचारतेस, “रागावलीस का गं?”

तुझ्या जुन्या शाळेत मी परिचारिका म्हणून अजून मंगळवार-गुरुवारच असते. बाकीचे दिवस दुसऱ्या दोन शाळा आणि तान्ह्या बाळांची वजनं. किशोरांच्या आरोग्याच्या कार्यक्रमाचं हे दुसरं वर्ष. पहिल्या तासाआधी सगळ्यांना न्याहारी असते. पाव, तपकिरी चीज, टोमॅटोतला डबाबंद बांगडा, आणि ज्याला हवं त्याला कॉड माशाच्या तेलाचा चमचा. गुरुवारचा शेवटचा तास माझा. झोप, खाणं, मोबाइल, राग, भीती, एकटेपण. मुलांनी त्याला ‘श्वासाचा तास’ नाव ठेवलंय. मी आत पाऊल टाकलं की मागच्या बाकावरून ब्रागे विचारतो, “इंगुन, आज नाकाने की तोंडाने?” मी हसते. पहिल्या वर्षी ते हसू खरं होतं.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते. गेल्या आठवड्यात दहावीच्या वर्गाने कार्यक्रमाची प्रश्नावली भरली. नाव लिहायचं नाही, कागद पाकिटात टाकायचे, पाकीट बंद करून जिल्ह्याच्या कार्यालयाला पाठवायचं. “हे कोणीही इथलं वाचणार नाही,” असं मी स्वतः वर्गाला सांगितलं. आणि घरी जायच्या आधी पाकीट उघडून नऊच्या नऊ कागद वाचले.

का, ते मी स्वतःला बऱ्याचदा विचारलं. काळजीपोटी वाचले असं म्हणता आलं असतं तर बरं झालं असतं. पण मला न्याहारीबद्दल कोणी काही चांगलं लिहिलंय का ते पाहायचं होतं. दोन वर्षं मी सकाळी पावणेसातला पाव कापते आहे. एकाने लिहिलं होतं, ‘बांगडा बंद करा, वर्गाला वास येतो.’ बाकीच्यांनी काहीच नाही.

आणि एक कागद असा होता. जगणं नको असं वाटतं का, या प्रश्नापुढे ‘बरेचदा’वर खूण. खाली, मोठ्या माणसांना काही सांगायचं असेल तर लिहा, त्या रेघांवर: ‘ऑगस्टच्या पुढचं मला काही दिसत नाही. मी तिथे नसेन. घरी असलं काही बोलत नाहीत.’

ऑगस्टात हे नऊही जण तुझ्या हाव्नेसला खोल्या घेऊन राहायला येतील, पुढच्या शाळेसाठी. सोळाव्या वर्षी आपणही गेलो होतो. तू आधीच्यांना दुकानात पाहतेसच, गोठवलेल्या पिझ्झाचे खोके छातीशी धरून उभे असतात.

मी कार्यक्रमाच्या प्रमुख बाईंना फोन केला. वाचलं हे सांगितलं नाही, नुसतं विचारलं की असं काही निघालं तर? त्या म्हणाल्या, अहवाल एप्रिलमध्ये येईल, आणि इतक्या लहान वर्गाचे आकडे तसेही देत नाहीत, मुलं ओळखू येतात म्हणून.

नाव मी तुलाही सांगणार नाही. मला ठाऊकही नाही. मुलगी आहे, बोटीने शाळेला येते, घरी आईवडील दोघे आहेत, एवढ्याच खुणा त्या कागदावर. पाकीट मी पुन्हा चिकटवून पाठवून दिलं. काय करू ते कळत नाही.

तुझी,
इंगुन

•

हाव्नेस, २४ जानेवारी

इंगुन,

पाकीट उघडलंस ते उघडलंस. त्यावर रडत बसायला तुला वेळ असेल, त्या मुलीला नसेल.

नाव तुला ठाऊक नाही असं म्हणतेस. मला पाच मिनिटं लागली. गेल्या वर्षीच्या चर्चमधल्या दीक्षाविधीचे फोटो पेपरातून कापून ठेवलेत, अजून कापते, सवय. बोटीने येणाऱ्या तुझ्या वर्गात तिघीच. टूवाचा बाप दक्षिणेत निघून गेलाय, म्हणजे ती नव्हे. राहिल्या ओलिने आणि सुनिवा. ओलिनेच्या घरात मी कितीदा जेवले आहे. तिचा बाप स्टाइनार ताटावर बसला की अ‍ॅकॉर्डियन बाजूला ठेवायला त्याला सांगावं लागतं. वाफल्सचा वास धक्क्यापर्यंत येतो. त्या घरात रडायला कोणाला जागा मिळेल असं वाटत नाही.

राहिली लांगशेरची सुनिवा. तिचा आजोबा, आईचा बाप, सत्त्याऐंशी साली वारा नसताना, निवांत हवेत होडी घेऊन गेला आणि होडी एकटीच परत आली. त्या घरात त्या दिवसापासून कोणी काही बोलत नाही. सुनिवाची आई मारित माझ्या वर्गात होती, तेव्हा नऊ वर्षांची. आठवडाभर खिडकीबाहेर बघत बसली आणि मी तिला बघू दिलं. तेव्हा मला कोणी कार्यक्रम दिला नव्हता, आणि दिला असता तरी मी काय केलं असतं कोण जाणे.

रक्तात असतं ते उतरतं. मारितकडे जा. एप्रिलची वाट बघू नकोस.

तोरहिल्ड

•

ग्रोहोल्म, २ फेब्रुवारी

प्रिय तोरहिल्ड,

गेले होते. बुधवारी सुट्टी टाकून लांगशेरला गेले, म्हणजे शाळेची म्हणून कोणी पाहू नये. बोटीवरच्या चौघांनी तरी “आज बुधवारी इकडे कशी?” म्हणून विचारलंच.

मारितने कॉफी दिली. मी म्हटलं, सुनिवाबद्दल काळजी वाटते. कागदाचं सांगितलं. पण कागद सुनिवाचाच आहे अशी खात्री नाही, हे वाक्य मी घरून तयार करून नेलं होतं आणि ते मी उच्चारलंच नाही. मारितचा चेहरा एकदम इतका शांत झाला की पुढचं बोलणं म्हणजे तिला उगाच आशा दाखवणं, असं मला वाटलं. निदान त्या क्षणी मी स्वतःला तसं सांगितलं.

ती म्हणाली, “मला माहीत होतं एक दिवस कोणीतरी येणार.” दारापर्यंत आली, माझा हात धरून आभार मानले. इतकी वर्षं या नोकरीत आहे, असे आभार कोणी मानले नव्हते.

मग मला हलकं वाटायला हवं होतं. परतताना बोटीत मी डोळे मिटून बसले होते, आणि सारखं तेच. ‘पण खात्री नाही.’ तीन शब्द होते.

काल सुनिवा शाळेला आली नाही.

इंगुन

•

हाव्नेस, ९ फेब्रुवारी

इंगुन,

आली नाही म्हणजे आईने घरी ठेवून घेतली, आणि बरं केलं. घर शेवटी बोललं ना. तुझ्यामुळे बोललं. दोन वर्षं पाव कापून जे झालं नाही ते एका कपभर कॉफीत झालं, यावर थोडी खूश हो आणि झोप. तू पूर्वीपासूनच अशी. चौथीत दुसऱ्याच्या कंपासमधलं खोडरबर वापरलंस म्हणून रात्री ताप आला होता तुला.

इथे बर्फ वितळून पुन्हा गोठलंय. मी काठी घेऊन चालते. त्यात विशेष काही नाही.

तोरहिल्ड

•

ग्रोहोल्म, १५ फेब्रुवारी

प्रिय तोरहिल्ड,

कागद सुनिवाचा नव्हता.

आज न्याहारीनंतर ती माझ्या खोलीत आली. दार लावलं नाही, कोट काढला नाही.

“तू कोणाचा कागद वाचलास?” म्हणाली.

मी म्हटलं, “बस आधी.”

“मी बसायला नाही आले. बांगडा बंद करा, हे मी लिहिलं होतं. त्याच्यावरून तू आईला सांगितलंस की मी मरणार आहे?”

तो कागद मला शब्दन्‌शब्द आठवत होता.

“आईने हाव्नेसची खोली सोडून दिली,” ती म्हणाली. “घरमालकाला फोन करून. माझा अर्जही मागे घेतला. मी जहाजांवर वीजतंत्रज्ञ व्हायचं म्हणून दोन वर्षं गणितात मरमर केली. आता मी एक वर्ष घरी राहायचं. आई रात्री तीनदा माझं दार उघडून बघते. मी झोपलेली असते, इंगुन. मी चांगली झोपते. त्या वर्गात सगळ्यात चांगली झोपणारी मीच असेन.”

“मी आजच तुझ्या आईशी बोलते.”

“काय बोलणार? की मी नाही, दुसरी कोणीतरी? मग आई म्हणेल, मुलगी खोटं बोलतेय, तसल्या माणसांना खोटं बोलता येतं. ते तर म्हणालीच.” मग ती दारात थांबली. “कोणाचा कागद आहे ते मला माहीत आहे. आंधळी नाही मी, डोळे आहेत मला. पण तुला सांगणार नाही. तू परत कोणाच्या तरी आईकडे कॉफी प्यायला जाशील.”

दुपारच्या तासाला नऊपैकी सहाच आले. कोणी नाक, तोंड विचारलं नाही. ते मला सगळ्यात जड गेलं.

आता मी असं बघते. त्या वर्गात एक मूल आहे. त्याने एकदाच, माझ्या शब्दावर विसंबून, खरं लिहिलं. आणि खरं लिहिलं की काय होतं ते त्याने आता सुनिवाच्या घरी घडताना पाहिलं. ते पुन्हा लिहिणार नाही. ते मुलगी आहे का, बोटीने येतं का, हेसुद्धा मी आता गृहीत धरत नाही. टिंगल म्हणून मुलं काहीही खूण करतात. मला एवढंच माहीत आहे की ऑगस्ट येतोय.

मुख्याध्यापक आर्विदला सगळं सांगितलं. पाकिटाचंसुद्धा. तो म्हणाला, “कार्यक्रम गेला तर न्याहारीही जाईल, इंगुन.” मग म्हणाला, “तू घरी जा, झोप.” रागावला असता तर बरं झालं असतं.

दोष तुला देत नाही. मी एक खुणांची यादी लिहिली होती. नाव सांगणार नाही म्हणत म्हणत, नाव सापडेल इतपत सगळं लिहिलं होतं. ते मला कळत नव्हतं असं मी म्हणू शकत नाही.

इंगुन

•

हाव्नेस, २० फेब्रुवारी

इंगुन,

तुझं पत्र आल्यापासून तीनदा लिहायला घेतलं.

मी तुला सांगितलं होतं की सुनिवाचा आजोबा निवांत हवेत गेला. हवा निवांत होती हे मला कोणी सांगितलं, ते आठवून बघत होते. आठवलं नाही. मग हाव्नेसच्या ग्रंथालयात जाऊन त्या आठवड्याचे पेपर काढायला लावले. वादळी वाऱ्याचा इशारा होता. दोन होड्या आणखी उलटल्या होत्या. त्या माणसांना काढलं, त्याला नाही.

तो बुडाला, एवढंच खरं. बाकीचं आम्ही ठरवलं. तो कमी बोलायचा, म्हणून ठरवलं. शिक्षकांच्या खोलीत, दुकानात, चर्चच्या पायऱ्यांवर. आणि मारितला मी खिडकीबाहेर बघू दिलं, तेही दयेने नव्हे. तिच्याजवळ जायची मला भीती वाटली. तिच्या घरात काही आहे असं मीच तिला त्या आठवड्यात शिकवलं असेन, एक शब्दही न बोलता.

माझ्या वरच्या मजल्यावर खोली रिकामी आहे. खिडकी बंदराकडे आहे. सुनिवाला सांग. ऑगस्टपासून येऊ दे, भाडं नको. मला जिने चढवत नाहीत, मी वर येऊन दार उघडणार नाही.

एक मार्चला अर्जांची मुदत संपते. मारितला हे पत्र दाखव, वाऱ्याचं. पेपराची प्रत सोबत घातली आहे.

तोरहिल्ड

•

ग्रोहोल्म, २९ फेब्रुवारी

प्रिय तोरहिल्ड,

फार दमले आहे, पण आज लिहिते, नाहीतर पुन्हा ऑक्टोबर होईल.

शनिवारी मारितकडे गेले. तू पाठवलेली प्रत टेबलावर ठेवली, आणि ते तीन शब्द, जे मी पहिल्यांदा गिळले होते, ते म्हटले. तिने प्रत दोनदा वाचली. मग विचारलं, “सदतीस वर्षं हे ग्रंथालयात होतं?” मी हो म्हटलं. ती उठली आणि भांडी धुवायला लागली. बराच वेळ पाणी वाहत होतं. मी निघताना तिने मागे न बघता सांगितलं, “अर्ज तिला भरू दे. तुला मात्र मी परत कॉफी देईन असं समजू नकोस.”

अर्ज सोमवारी गेला. खोली दुसऱ्या कोणाला दिली गेली, ती गेलीच. तुझी खोली सुनिवाला सांगितली. तिने ऐकून घेतलं. म्हणाली, “माझ्या आजोबांबद्दल बोलायची ती हीच ना?” मी म्हटलं, हो. म्हणाली, “भाडं देऊन कुठेही राहीन. तिथे नको.” हे तुला कळवायचं की नाही यावर दोन दिवस घातले. पण न सांगून काय होतं ते आपण पाहिलं.

मंगळवारी वर्गासमोर उभी राहिले. आर्विद मागे उभा होता, मी बोलावलं नव्हतं. मी म्हटलं, कोणी वाचणार नाही असं सांगून मी तुमचे कागद वाचले, आणि त्यातून एका मुलीचं नुकसान केलं, आणि ते माझ्या चुकीने झालं. जिल्ह्याला मी तसं लिहून कळवलं आहे.

ब्रागे म्हणाला, “म्हणजे निनावी म्हणजे फक्त वर नाव नसतं, एवढंच?”

मी म्हटलं, “नऊ जणांच्या वर्गात, हो. एवढंच. ते मी तेव्हाच सांगायला हवं होतं.”

मी कोरे कागद वाटले. हवं ते लिहा, नको तर नका. पाच मिनिटांनी ब्रागेने सगळे गोळा केले, कडा जुळवल्या आणि माझ्यासमोर ठेवले. नऊच्या नऊ कोरे. “वाच,” म्हणाला. कोणी हसलं नाही. तोही नाही.

मग मी म्हटलं, ठीक आहे. गुरुवारी मी तुम्हा नऊ जणांना एकेकटं बोलावणार आहे, आणि प्रत्येकाला तोच एक प्रश्न तोंडाने विचारणार आहे. तोच शब्द वापरून. उत्तर द्यायचं बंधन नाही. पण तुम्ही विचाराल तर, उत्तरानंतर काय होईल, कोणाला सांगावं लागेल, ते मी आधी सांगेन.

तोरहिल्ड, इतकं साधं होतं ते. नऊ मुलं. प्रत्येकी दहा मिनिटं. मी नाव शोधत फिरले, तू फोटो बघितलेस, आणि नऊ जणांना विचारायला एक सकाळ पुरत होती.

आज विचारलं. ब्रागे म्हणाला, “नाही. पण मला विचारलंस ते बरं केलंस, मला कोणी काही विचारत नाही, कारण मी विनोदी आहे.” टूवा रडली, पण दुसऱ्याच कारणाने. सुनिवा म्हणाली, “नाही. पुढची बघ.” ती बाहेर गेली आणि पुढची आली.

ओलिने. स्टाइनारची.

बसली. मी प्रश्न विचारला. ती हाताच्या बाह्या ओढत राहिली. मग म्हणाली, “तू आधी सांग. मी हो म्हटलं तर काय होईल?”

मी सांगितलं. डॉक्टरांना आजच फोन करावा लागेल, तू इथे बसलेली असताना. घरी सांगावंच लागेल, ते मला टाळता येत नाही, टाळते म्हटलं तर ते खोटं होईल. पण मी एकटी सांगणार नाही. तू सांगशील आणि मी तिथे असेन. किंवा तुला बोलणं जमलं नाही तर तू मला खूण करशील आणि मी सांगेन. तुझ्या पाठीमागे काहीही होणार नाही.

बाहेर सहावीची मुलं कॉडच्या तेलावरून भांडत होती.

“सुनिवा म्हणाली, ही आता घाबरलीय, म्हणून ऐकेल,” ओलिने म्हणाली. आणि मग, “हो.”

तासभर बोलली. खोलीत एकटं राहायचं या विचाराने तिला नोव्हेंबरपासून झोप नाही. आणि तिच्या घरात सगळे इतके आनंदात आहेत. बाबांनी तिच्यासाठी तवा आणलाय, दोन ताटल्या आणल्यात, पाहुण्यांना सांगतात, आमची राणी आता स्वतःचं घर चालवणार. “तवा कपाटावर दिसतो,” म्हणाली. “जायचं नाही असं म्हटलं तर बाबांचा चेहरा कसा होईल ते मला माहीत आहे. ते हसतील. आधी हसतील. मला ते बघवणार नाही, त्यापेक्षा नसलेलं बरं असं वाटतं.” मी विचारायचं ते सगळं विचारलं, आडवळणाने नाही, थेट. तिने उत्तरं दिली. तिला विचारलेलं आवडलं नाही, पण तिला थांबायचंही नव्हतं.

डॉक्टर फोनवर तिच्याशी वीस मिनिटं बोलल्या. सोमवारी हाव्नेसला भेट ठरली. तिने आईला माझ्या खोलीतून फोन केला, मी शेजारी होते. आई म्हणाली, “मी धक्क्यावर येते.” आणि आली. मी दोघींबरोबर बोटीपर्यंत गेले. आज आई तिच्या खोलीत गादी घालून झोपणार आहे.

स्टाइनार समुद्रातल्या सामन माशांच्या पिंजऱ्यांवर पाळीला आहे, उद्या दुपारी घरी येईल. ओलिनेला त्याचीच धास्ती. मला तो चांगला माणूस वाटतो, म्हणजे मलाही काही माहीत नाही.

तुझं अ‍ॅकॉर्डियनचं वाक्य तिला सांगितलं नाही, सांगणारही नाही. पण तुला सांगते, कारण तू विचार करत बसशील. ती म्हणाली, घरात वाजवणं सुरू झालं की तिला वाटतं, आता उठून बोललं तर सगळं थांबेल. म्हणून बोलली नाही.

मी घरी येऊन बुटांसकट खुर्चीत बसले आहे. यातून पुढे काय होईल ते ठाऊक नाही. कार्यक्रम राहील की जाईल, तेही नाही. बरं वाटतं आहे असं लिहिणार होते, पण ते तसं नाही. नुसतं कोणीतरी माझ्या शेजारी खरं बोललं, आणि मी मध्ये बोलले नाही, एवढं आहे.

उद्याचं काम, वहीत लिहिलं ते तुलाही लिहिते: दोन चाळीसची बोट, ओलिनेच्या घरी तिच्या शेजारी बसायचं, आणि तिचं बोलून होईपर्यंत गप्प राहायचं.

इंगुन